आवाज मार्था वॉशचा

१९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या गाण्यांच्या मुख्य यादीत एक नंबरला ‘गॉना मेक यू स्वेट’ होतं. नावावरून कदाचित लक्षात येणार नाही, पण ‘एव्हरीबडी डान्स नाऊ’ म्हटलं की लगेच डोक्यात वाजायला लागेल, कारण कॉलेजचं गॅदरिंग असो, हळदीचा डीजे असो, मॅचमधला ब्रेक असो, ते कुठेही वाजतं आणि गेली तीसेक वर्षं वाजतंच आहे. आपल्याकडे स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं तेही १९९१ मध्येच, त्यामुळे केबलवाल्याची वायर घरात आलेल्या आमच्या पिढीने हे गाणं आधी बघितलं आणि मग ऐकलं. व्हिडिओत झेल्मा डेव्हिस नावाची सडपातळ, देखणी मुलगी दिसते, ती नाचते, ओठ हलवते, आणि त्या ओठांमधून जो आवाज येतो तो मार्था वॉशचा आहे. मार्था त्या व्हिडिओत नाही. तेव्हा त्या रेकॉर्डवर गायिका म्हणून तिचं नावही नव्हतं.

मला हे कळलं ते खूप उशिरा, नेटवर डिस्को ऐकत ऐकत मागे जाताना, आणि तेव्हापासून मार्था वॉश माझ्या डोक्यातून गेलेली नाही. डिस्कोबद्दल आपल्याकडे लिहिणारे बहुतेक लोक चकचकीत कपडे आणि फिरता आरशांचा गोळा यांच्या पुढे जात नाहीत, आणि या सगळ्याच्या मधोमध उभं राहून घसा फाडून गाणाऱ्या बायका मात्र नावाशिवाय राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

मार्थाचा जन्म १९५३ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. गाणं चर्चमधलं, म्हणजे गॉस्पेल. गॉस्पेलमध्ये वाढलेल्या गळ्याचं एक असतं, तो माईकसाठी तयार झालेला नसतो, तो शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसापर्यंत पोचण्यासाठी तयार झालेला असतो, त्यामुळे पहिल्याच शब्दाला पूर्ण ताकद लागते. हळूहळू चढणं, आधी गुणगुणणं असलं काही नाही. सत्तरच्या दशकात तिथे सिल्व्हेस्टर नावाचा गायक होता, कृष्णवर्णीय, उघडपणे समलिंगी, उंच पट्टीत गाणारा, बायकांचे झगमगीत कपडे घालून स्टेजवर येणारा, आणि तो स्वतःही चर्चमध्येच गात मोठा झालेला. त्याला मागे गाणाऱ्या दोन आवाजांची गरज होती. मार्था ऑडिशनला गेली, तिची निवड झाली, आणि तिच्याबरोबर तिच्या गॉस्पेल ग्रुपमधली आयझोरा ऱ्होड्सही आली. या दोघींचं नाव पडलं ‘टू टन्स ओ’ फन’, म्हणजे दोन टन मजा. दोघी अंगाने भारी होत्या आणि नाव त्यावरूनच होतं, आणि त्या दोघी तेच नाव घेऊन स्टेजवर ताठ मानेने उभ्या राहायच्या.

१९७८ चं सिल्व्हेस्टरचं ‘यू मेक मी फील (मायटी रिअल)’ ऐका. पॅट्रिक काउलीचा सिंथेसायझर, खाली न थांबणारा ठोका, वर सिल्व्हेस्टरचा तो तार सप्तकातला आवाज, आणि त्याला मागून उचलून धरणाऱ्या या दोघी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने नंतर जतन करण्याच्या यादीत घेतलेलं हे गाणं आहे. १९७९ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर मेमोरियल ऑपेरा हाउसमध्ये सिल्व्हेस्टरचा कार्यक्रम झाला, जिथे ऑपेरा व्हायचे तिथे डिस्को, आणि त्याचं रेकॉर्डिंग ‘लिव्हिंग प्रूफ’ नावाने निघालं. त्यात या दोघींना नुसतं ‘मागचे आवाज’ म्हणणं मला तरी जमत नाही, कारण कित्येक ठिकाणी त्या गाण्याला पुढे ढकलत असतात.

आणि त्याच वर्षी, १२ जुलै १९७९ ला, शिकागोच्या कोमिस्की पार्क स्टेडियममध्ये बेसबॉलच्या दोन मॅचच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोट करून उडवला, लोक मैदानात घुसले, पुढची मॅच झालीच नाही. डिस्को मेलं असं तेव्हापासून सगळे म्हणायला लागले. मला ते पटत नाही, कारण त्याच शिकागोत थोड्याच वर्षांत हाउस म्युझिक हा क्लबमध्ये नाचायच्या संगीताचा प्रकार उभा राहिला ते डिस्कोच्याच हाडांवर. पण रेकॉर्ड कंपन्यांनी डिस्को हे नाव टाकलं आणि त्याबरोबर डिस्को गाणाऱ्या बऱ्याच बायकांनाही बाजूला टाकलं, हेही खरं.

मार्था आणि आयझोरा मात्र टिकल्या आणि त्यांच्या सगळ्यात मोठ्या गाण्याचा नंबर तर या सगळ्यानंतर लागला. ‘इट्स रेनिंग मेन’ पॉल जबारा आणि पॉल शॅफर यांनी १९७९ मध्येच लिहिलं होतं. डोना समर, डायना रॉस, शेर, बार्बरा स्ट्रायसँड, सगळीकडून नकार आला. मार्था आणि आयझोराकडे आलं तेव्हा त्यांनाही आधी ती चेष्टाच वाटली, आकाशातून पुरुषांचा पाऊस पडतोय हे काय गाणं झालं! पण गायल्या, आणि काय गायल्या. १९८२ मध्ये ते निघालं, दोघी आता ‘द वेदर गर्ल्स’ झाल्या. अमेरिकेच्या डान्स चार्टवर पहिला नंबर, पण मुख्य हॉट १०० वर मात्र ४६ च्या पुढे गेलं नाही. ब्रिटनमध्ये १९८४ मध्ये दोन नंबरपर्यंत. नंतर २००१ मध्ये जेरी हॅलिवेलने तेच गाणं परत केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, म्हणजे गाण्यात दम नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. मला मूळ रेकॉर्डच आवडतं, त्यात दोन बायका एकमेकींना हवामानाचा अंदाज सांगितल्यासारखं बोलत सुरुवात करतात आणि मग छप्पर उडतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दोघी वेगळ्या झाल्या आणि मार्था सेशन सिंगर म्हणून काम करायला लागली. सेशन सिंगरचं काम काय असतं हे इथे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रोड्यूसरकडे गाणं असतं, गायला कोण हे अजून ठरलेलं नसतं किंवा ठरलेलं असलं तरी चाल कशी बसते हे दाखवायला कुणीतरी लागतं. मग सेशन सिंगरला बोलावतात, ती गाते, एकरकमी पैसे घेते आणि घरी जाते. त्या टेपला डेमो म्हणतात. डेमो हा दुसऱ्या गायकाला ऐकवण्यासाठी असतो. आपल्या मुंबईतही हे होतंच की, इथे डबिंग सिंगर म्हणायचे, आधी एक आवाज ट्रॅकवर गाऊन ठेवायचा, हिरॉइनचं शूटिंग त्यावर व्हायचं, आणि मोठ्या गायिकेला वेळ मिळाला की ती येऊन त्याच जागी गायची. कविता कृष्णमूर्ती यांनी सुरुवातीला कितीतरी वर्षं हेच काम केलं.

मार्थाने असेच डेमो गायले. ते इटलीच्या ब्लॅक बॉक्स नावाच्या ग्रुपसाठी होते, दानिएले दावोली आणि त्याचे दोन साथीदार. १९९० मध्ये त्यांचा ‘ड्रीमलँड’ अल्बम आला, त्यातल्या ‘एव्हरीबडी एव्हरीबडी’ आणि ‘स्ट्राइक इट अप’ या दोन गाण्यांनी अमेरिकेत टॉप टेन गाठलं, आणि त्या अल्बममधल्या बहुतेक गाण्यांवर आवाज मार्थाचा. डेमोचा आवाज तसाच फायनलला लागला. कव्हरवर आणि व्हिडिओत कॅटरिन किनॉल नावाची मॉडेल. ‘सिडक्शन’ नावाच्या मुलींच्या ग्रुपच्या एका हिट गाण्यावरही मार्थाच. आणि मग सी अँड सी म्युझिक फॅक्टरी, रॉबर्ट क्लिव्हिएस आणि डेव्हिड कोल. सुरुवातीला सांगितलेलं ‘गॉना मेक यू स्वेट’ यांचंच, त्यात मार्थाच्या वेगळ्याच एका डेमोमधले तुकडे जोडून ती ओळ तयार झाली. तीन शब्दच पूर्ण गाणं उभं करतात, रॅप फ्रीडम विल्यम्सचा आहे आणि तो चांगलाच आहे, पण लोक उठतात ते त्या तीन शब्दांवर.

इथे मला थांबून एक गोष्ट बोलायची आहे, कारण हा विषय निघाला की आपल्याकडचे लोक पटकन म्हणतात की बाई, यात काय एवढं, आपल्याकडे तर प्रत्येक सिनेमात कुणीतरी दुसरंच गातं. बरोबर आहे. पडद्यावर मधुबाला आणि आवाज लताचा, यात आपल्याला कधीच फसवणूक वाटली नाही आणि वाटूही नये, ती एक कला आहे, आणि ओठ हलवणारीही मेहनत घेते. म्हणूनच मला झेल्मा डेव्हिसचा राग येत नाही, ती स्वतः गायिका होती, त्याच अल्बमवर तिने दुसरी गाणी गायलीयत. माझं म्हणणं एवढंच की ओठ कुणाचे याने बिघडत नाही, नाव कुणाचं याने बिघडतं. आणि हे आपल्यालाही फुकट मिळालेलं नाही. १९४९ च्या ‘महल’च्या रेकॉर्डवर ‘आएगा आनेवाला’ची गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! रेडिओवर ते गाणं वाजायला लागल्यावर लोकांनी पत्रं लिहून विचारलं की ही गाणारी आहे कोण, आणि मग लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. पुढे फिल्मफेअरने ‘चोरी चोरी’च्या संगीताला बक्षीस दिलं आणि त्या समारंभात ‘रसिक बलमा’ गायला लताबाईंनी नकार दिला, कारण गायकांसाठी बक्षीसच नव्हतं. १९५९ मध्ये ते सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं. त्यांनी रॉयल्टीसाठीही भांडण घेतलं, तेव्हा लोकांना ते हट्टीपणाचं वाटलं असेल, मला ते फार मोठं काम वाटतं.

म्हणजे आपल्याकडे प्लेबॅक ही पद्धत उघड आहे, प्रेक्षकाला माहीत असतं, रेकॉर्डवर नाव असतं. अमेरिकेत १९९० मध्ये तेच लपवलेलं होतं. त्याच वर्षीच्या शेवटी मिली व्हॅनिलीचं प्रकरण फुटलं, दोन देखणे तरुण ज्यांनी स्वतः एक ओळही गायली नव्हती, त्यांचं ग्रॅमी परत घेतलं, सगळ्या जगाने त्या दोघांना हसून घेतलं. गाणारे खरे लोक, ब्रॅड हॉवेल, जॉन डेव्हिस, चार्ल्स शॉ, यांच्याबद्दल त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही. चीड सगळी ‘आम्हाला फसवलं’ याची होती. गाणाऱ्याचं काय गेलं हा प्रश्न नंतरचा.

मार्थाने हा प्रश्न कोर्टात नेला. ब्लॅक बॉक्सच्या बाबतीत आरसीए कंपनीशी तडजोड झाली, पैसे आणि स्वतःच्या नावाचं रेकॉर्डिंग काँट्रॅक्ट मिळालं. सी अँड सी म्युझिक फॅक्टरी आणि सोनीविरुद्धचा दावा १९९४ मध्ये मिटला, आणि त्यातली एक गोष्ट मला अजून थरारून टाकते: सोनीने एमटीव्हीला विनंती केली की त्या व्हिडिओवर पाटी टाका, गायन मार्था वॉशचं आणि व्हिज्युअलायझेशन झेल्मा डेव्हिसचं. आपल्या ‘महल’च्या रेकॉर्डवर कामिनी होती आणि तिथे नाव लागायला अख्खी केस लढावी लागली, तेही गाणं जगभर वाजून तीन वर्षं होऊन गेल्यावर.

आणि लपवलं का? हे मार्थाने स्वतः वेळोवेळी बोलून दाखवलंय, आणि मलाही त्यात शंका वाटत नाही. तिचं वजन. १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झालं आणि गाणं विकायला चेहरा, कंबर, वय लागायला लागलं. दोन टन मजा म्हणून ज्या बाईला सॅन फ्रान्सिस्कोतल्या लोकांनी डोक्यावर घेतलं, तिचाच आवाज दहा वर्षांनी हवा होता पण अंग नको होतं. त्या क्लबांमध्ये नाचणारे लोक, समलिंगी मुलगे, काळे, लॅटिनो, घरातून बाहेर काढलेले, त्यांनी तिच्या आकारावर प्रेम केलं. व्हिडिओच्या माणसांनी तिला लपवलं. मला वाटतं डिस्कोची खरी माणुसकी यातच दिसते, आणि ती गेली याचं मला गाण्यापेक्षाही जास्त दुःख आहे.

ती एकटी नव्हती. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्सचंच ‘राइड ऑन टाइम’ ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या नंबरवर होतं, त्यात आवाज लोलिआटा हॉलोवेचा, शिकागोची, तीही गॉस्पेलमधून आलेली, तिच्या १९८० च्या ‘लव्ह सेन्सेशन’मधून सॅम्पल केलेला, म्हणजे तुकडे कापून नव्या गाण्यात जोडलेला. मूळ गाणं डॅन हार्टमनचं. डिस्कोच्या १२ इंची रेकॉर्ड्सवर कधीकधी नुसता आवाज, वाद्यांशिवाय, दिलेला असायचा, डीजेंच्या सोयीसाठी, आणि दहा वर्षांनी सॅम्पलर हातात आलेल्या मुलांसाठी ती म्हणजे उघडी तिजोरी झाली. लोलिआटाला न विचारता तिचा आवाज घेतला होता, ओठ पुन्हा तीच मॉडेल हलवत होती, भांडण झालं, पैसे द्यावे लागले. १९९१ मध्ये मार्की मार्कने ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये तेच गाणं वापरलं पण लोलिआटाचं नाव दिलं, तिला व्हिडिओतही घेतलं, आणि तेही अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. म्हणजे नाव दिलं, चेहरा दाखवला, तरी गाणं चालतंच. स्नॅप नावाच्या ग्रुपच्या ‘द पॉवर’मधली ती गाजलेली ओळ मूळची जोसलिन ब्राउनची, हीसुद्धा डिस्कोच्या काळापासून कितीतरी रेकॉर्ड्सवर गाणारी. पुरुषांमध्ये ल्यूथर व्हँड्रॉस, शीक ग्रुपच्या मागे, डेव्हिड बोवीच्या मागे, जाहिरातींमध्ये, आणि मग १९८१ पासून स्वतःच्या नावाने मोठा स्टार. तो बाहेर पडला. बऱ्याच जणांना तेवढं पुढे यायला मिळालंच नाही.

माझी एक मावशी लग्नाआधी मुंबईत कोरसमध्ये गायची. सात-आठ जणी एका माईकभोवती उभ्या, कुणाचाही आवाज वेगळा ऐकू येता कामा नये हेच तिथलं कसब, एकीने जरा जास्त लावला की आतून काचेमागून हात यायचा. रेकॉर्डिंग झालं की हातात पैसे आणि लोकल पकडून घर. रेडिओवर ते गाणं लागलं की मावशी काम थांबवून नुसती ऐकायची, आम्ही विचारायचो यात तू कुठली, तर ती म्हणायची, ‘अगं, मी त्यातच आहे.’ तिने कधी तक्रार केली नाही आणि कोरससाठी ते ठीकही असेल, पण मार्थाचं वाचताना मला सारखं वाटत राहिलं की आठातला एक आवाज असणं वेगळं आणि एकटीचा आवाज असून नाव नसणं वेगळं.

नावाला पैसेही चिकटलेले असतात, हे फार कमी लोक बोलतात. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गाणाऱ्याला काहीच मिळत नाही, मिळतं ते गाणं लिहिणाऱ्याला. इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओचे पैसे मात्र साउंडएक्स्चेंज नावाची संस्था वाटते, त्यात ५० टक्के रेकॉर्डच्या मालकाला, ४५ टक्के ज्याच्या नावाने गाणं आहे त्या कलाकाराला, आणि उरलेले ५ टक्के मागच्या सगळ्यांसाठी, त्यातले अडीच टक्के वाजवणाऱ्यांच्या फंडाला आणि अडीच टक्के गाणाऱ्यांच्या. म्हणजे रेकॉर्डवर तुमचं नाव पुढे की मागे यावर तुम्ही ४५ मध्ये की अडीचमधल्या वाट्यात हे ठरतं. आपल्याकडे गायकांचा हक्क कायद्यात आला १९९४ च्या दुरुस्तीने, रॉयल्टीचा भाग नीट आला २०१२ मध्ये, आणि २०१३ पासून गायकांची इस्रा (आताचं नाव इसाम्रा) ही संस्था ते पैसे गोळा करण्याचं काम करते. किती उशीर! तोपर्यंत किती गळे थकून गेले असतील.

आता तर एआयने आवाज बनवता येतो, कुणाचाही. परवा कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या गायकाच्या आवाजात नवं गाणं पाठवलं, ग्रुपवर सगळ्यांनी वा वा केलं, आणि मला मार्थाच आठवली, डेमोच्या टेपवरून तीन शब्द कापून घेतलेली.

मार्थाचं पुढे काय झालं तर चांगलंच झालं. १९९२ मध्ये तिचं ‘कॅरी ऑन’ आलं आणि डान्स चार्टवर पहिल्या नंबरवर गेलं, ‘गिव्ह इट टू यू’ सुद्धा. १९९४ मध्ये ती पुन्हा सी अँड सी म्युझिक फॅक्टरीबरोबर गायली, ‘डू यू वॉना गेट फंकी’, आणि यावेळी नावासकट, त्यात झेल्माही आहे. ज्यांच्याशी कोर्टात भांडली त्यांच्याच स्टुडिओत परत जाऊन गायली, याला केवढं मोठं मन लागतं, आणि व्यवसायाची केवढी समज! सिल्व्हेस्टर १९८८ मध्ये एड्सने गेला, त्याने आपल्या गाण्यांची रॉयल्टी एड्ससाठी काम करणाऱ्या संस्थांना देऊन ठेवली होती. आयझोरा २००४ मध्ये गेली. मार्थाने स्वतःची पर्पल रोज रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, इव्हलिन शॅम्पेन किंग आणि लिंडा क्लिफर्डबरोबर फर्स्ट लेडीज ऑफ डिस्को म्हणून गायली, आणि २०२० मध्ये ‘लव्ह अँड कॉन्फ्लिक्ट’ अल्बम काढला, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी.

ऐकायचं असेल तर ‘कॅरी ऑन’पासून सुरुवात करा, यूट्यूबवर आहे, हेडफोन लावून ऐका. मग ‘लिव्हिंग प्रूफ’ लावा आणि सिल्व्हेस्टरच्या मागचे दोन आवाज वेगळे काढायचा प्रयत्न करा, थोडा वेळ लागतो. जो जास्त टोकदार आणि वर जाणारा आहे तो मार्थाचा.